बेरजेत काय लपलं?

‘कोडिंग न शिकता एजन्सीच्या विक्रीचा डेटा माझा मीच तपासू शकेन, असं सॉफ्टवेअर विकणारे सांगतात. खरं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. बरंचसं खरं आहे. पण विकणारे अर्धीच गोष्ट सांगतात.

टॅब्लोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे तुमच्या रकान्यांची नावं दिसतात. ‘महिना’ उचलून एका पट्टीवर टाका, ‘विक्री’ दुसरीवर, आलेख उमटतो. ‘तालुका’ रंगावर सोडला की एका रेषेच्या दहा होतात. माउस सोडताच पडद्यामागे डेटाबेसला एक प्रश्न लिहिला जातो. पूर्वी तो ‘ईडीपी’तल्या, म्हणजे संगणक विभागातल्या, साहेबांकडे जायचा आणि उत्तराची वाट बघत बसावं लागायचं.

टॅब्लोचं मूळ स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘पोलॅरिस’ या प्रकल्पात आहे. त्यावर काम करणारे पॅट हॅनरहान आधी पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत होते. ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट ज्यावर घडला त्या रेंडरमॅन सॉफ्टवेअरचे ते शिल्पकार. 2003 मध्ये टॅब्लो कंपनी निघाली आणि 2019 मध्ये सेल्सफोर्सने ती 15.7 अब्ज डॉलरना घेतली. संगणकशास्त्रातला 2019 चा ट्युरिंग पुरस्कार हॅनरहान यांना पिक्सारच्याच एड कॅटमल यांच्यासोबत मिळाला.

मला मात्र जास्त कौतुक जॉक मॅकिन्ले यांचं. रेषा काढायची की स्तंभ, हे यंत्राला कसं कळावं? मॅकिन्ले यांनी 1986 च्या प्रबंधात त्याचे नियमच बांधले. आधाराला होतं झाक बेर्तँ या फ्रेंच नकाशाकाराचं 1967 चं पुस्तक, आणि क्लीव्हलंड व मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांचे 1984 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग. एकाच मोजपट्टीवरची जागा डोळा सर्वांत अचूक वाचतो. मग लांबी, कोन, क्षेत्रफळ, आणि रंगाची छटा अगदी शेवटी. कोन आणि क्षेत्रफळावर चालणारा अहवालांतला लाडका पाय चार्ट इथेच मार खातो. मॅकिन्ले पुढे टॅब्लोतच गेले. त्यांचं नाव मात्र क्वचितच कानावर पडतं.

गंमत म्हणजे स्तंभालेख जन्मला तोच नाइलाजाने. जेम्स वॉटच्या हाताखाली आरेखन केलेल्या विल्यम प्लेफेअरने 1786 च्या आपल्या व्यापारी ॲटलासमध्ये वर्षानुवर्षांच्या रेषा काढल्या. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे मात्र त्याला एकाच वर्षाचे मिळाले. मग देशागणिक स्तंभ काढले आणि वर लिहूनही टाकलं, की या चित्राचा उपयोग इतरांपेक्षा कमीच!

आता ‘बिग डेटा’बद्दल, म्हणजे कोट्यवधी नोंदींच्या साठ्याबद्दल. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर ठिपके असतात जेमतेम 20 लाख 73 हजार. दहा कोटी बिलं त्यावर मावणार कशी? म्हणून डेटाबेस आधी बेरीज किंवा सरासरी काढतो आणि पडद्यावर पाठवतो ती तेवढीच. आपण पाहतो ते चित्र गोळाबेरजेचं असतं, आणि गोळाबेरीज फसवते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे 1973 च्या पदव्युत्तर प्रवेशांचे आकडे घ्या. 8442 पुरुषांनी अर्ज केले, 44 टक्के निवडले गेले. 4321 स्त्रियांपैकी 35 टक्केच. दोन स्तंभ काढले की पक्षपात उघड! आता ‘विभाग’ हा एकच रकाना ओढा. एका मोठ्या विभागात 62 टक्के पुरुष निवडले गेले होते आणि 82 टक्के स्त्रिया. पण तिथे पुरुषांचे अर्ज 825 होते, स्त्रियांचे 108. जिथे प्रवेशच दुर्मिळ, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. बिकल, हॅमल आणि ओकॉनेल यांनी ‘सायन्स’मध्ये 1975 मध्ये ही उकल मांडली. पहिलं चित्र खोटं नव्हतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

सॉफ्टवेअर आकार सुचवेल. कोणता रकाना ओढायचा ते धंदा ओळखणाऱ्यालाच सुचायला हवं. शिवाय बुफेत ताट आपल्या हाती असलं तरी तांदूळ निवडायला आत कुणीतरी लागतंच, तसा डेटाही आधी कुणीतरी निवडून ठेवावा लागतो. एकच दुकानदार तीन स्पेलिंगांनी नोंदला असेल, तर आलेखात तीन गिऱ्हाइकं दिसतील, तीही सुबक रंगांत.

तेव्हा सॉफ्टवेअर जरूर घ्या. विक्री घटलेली दिसली, की सेल्समनला बोलावण्याआधी तालुका, माल, उधारी-रोख असे रकाने एकेक करून ओढून पाहा. एखाद्याने चित्र पालटलं, तर आधीचं उत्तर कुणाच्या माथी मारू नका.