ओव्हलच्या कडेला समुद्र होता

मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागली आणि मुंबईबाहेरच्या मित्रमंडळींचे फोन सुरू झाले. ‘एक दिवस काढून येतोय, काय काय पाहून होईल?’ ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा सगळा मार्ग लोकांसाठी खुला झाला. अंतर, तिकीट, स्टेशनांची नावं यांवर एव्हाना पुरेसं लिहून झालं आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. विमानतळावर किंवा दादरला उतरलेला पाहुणा आता ट्रॅफिकमध्ये न अडकता थेट हुतात्मा चौकात जमिनीवर येतो. असा वाचलेला वेळ यादीतली ठिकाणं वाढवण्यात घालवू नये, असं मला कळकळीनं सांगायचं आहे.

यादी सगळ्यांना पाठ आहे. गेटवे, ताजसमोर फोटो, हाजी अली, वाटेत अँटिलिया, संध्याकाळी जुहू. त्यातलं कुठलंच ठिकाण वाईट नाही, पण निम्मा दिवस टॅक्सीच्या काचेमागे जातो आणि हे शहर उभं कसं राहिलं, ते कळायचं राहूनच जातं. मुंबई समजून घ्यायची तर दक्षिण टोकाला पायी फिरावं आणि दर वळणावर एकच प्रश्न विचारावा: इथे आधी पाणी होतं का? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ असं येतं.

हा प्रश्न धरून फिरायची गंमत मला नागपूरच्या मैत्रिणीबरोबर कळली. तिची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. भराव, गळती, पाया हे तिचे रोजचे शब्द. मी तिला इमारती दाखवायला निघाले होते, तिनं पहिल्याच चौकात विचारलं, “अगं, हे सगळं भरलेलं असेल तर एवढी माती आणली कुठून?” दिवसभर आम्ही याच प्रश्नाचा माग काढत फिरलो.

सुरुवात हुतात्मा चौकातूनच करावी. स्मारकापुढे घटकाभर थांबावं. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार याच परिसरात झाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण त्याच्याही आधी, इंग्रजांच्या कोटाचा पश्चिमेकडचा दरवाजा इथेच होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरनं तटबंदी पाडली, खंदक बुजवले, आणि १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. म्हणजे आज जिथे मेट्रोच्या जिन्यातून आपण वर येतो, तिथे त्या काळच्या शहराची हद्द संपत होती. पुढे मोकळं मैदान आणि मग समुद्र.

त्या मुंबईचा उत्तम वाटाड्या मराठीत आहे आणि त्याच्याकडे आपण फार कमी जातो. गोविंद नारायण माडगांवकर. गोव्यात जन्मलेले, लहानपणीच मुंबईत आलेले शिक्षक. त्यांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये छापून आलं, नेमकं तट पडण्याच्या सुमारास. शहराचे बाजार, जातीजमाती, धंदे, पाण्याची व्यवस्था, नवी आगगाडी, शाळा, देवळं असं सगळं या माणसानं जिव्हाळ्यानं नोंदवून ठेवलं. त्यांना ना पदाचा अधिकार होता, ना सरकारी दप्तराची सक्ती. आपण राहतो ते गाव नीट लिहून ठेवावं, या ओढीनं त्यांनी हे काम केलं. मुरली रंगनाथन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि परदेशातले अभ्यासक ते वाचतात. मराठी घरांत मात्र ते क्वचित दिसतं. मुंबई पाहायला येणाऱ्यानं आदल्या रात्री त्यातली चार पानं वाचावीत. आज आपण ‘जुनी मुंबई’ म्हणून ज्याचे फोटो काढतो, त्यातलं जवळपास काहीच माडगांवकरांनी पाहिलं नव्हतं. १८६५ मध्ये ते गेले. हायकोर्ट नाही, राजाबाई टॉवर नाही, बोरीबंदरचं आजचं स्टेशनही नाही. आपली ‘जुनी’ मुंबई त्यांच्यासाठी अजून व्हायची होती.

चौकातून पूर्वेला हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिकच्या पायऱ्या. एशियाटिकची ही इमारत, म्हणजे टाउन हॉल, १८३३ मध्ये पुरी झाली, तेव्हा तिच्या पाठीमागे किल्ला आणि लगेच बंदराचं पाणी होतं. आत नाना शंकरशेट यांचा पुतळा आहे. आता त्यांच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालंय. पायऱ्यांवर बसून फोटो सगळेच काढतात. त्यापेक्षा इमारतीच्या मागे जावं आणि बॅलार्ड इस्टेटकडे चालू लागावं.

इथे मैत्रिणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टनं अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदायला घेतला. खोदताना जे निघालं, ते शेजारच्या पाण्यात टाकून जमीन केली आणि त्या जमिनीवर पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. एका खड्ड्यातून गोदीही मिळाली आणि वस्तीही. आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवे ऑफ इंडिया आणि म्युझियमही त्याचंच. रस्ते रुंद, इमारती एका उंचीच्या, दर्शनी दगडकामात एक शिस्त. मैत्रीण एका कोपऱ्यावर उभी राहून प्लिंथची रेषा न्याहाळत होती. शंभर वर्षं भरावावर उभ्या असलेल्या इमारतीची पातळी कुठे खचली आहे का, हे ती शोधत होती. तिला तसं कुठे दिसलं नाही. “काम चोख आहे,” एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून ही फार मोठी दाद आहे.

जेवण ब्रिटानियात. १९२३ चं इराणी हॉटेल, बेरी पुलावासाठी प्रसिद्ध. इथे दुपारीच जावं. गेटवेला जायचंच असेल तर जेवणानंतर जाऊन यावं. अर्धा तास पुरतो.

दिवसातला खरा वेळ मात्र ओव्हल मैदानासाठी राखून ठेवावा आणि तिथे चारनंतरच पोचावं. कारण सरळ आहे. मैदानाच्या पूर्वेची सगळी रांग पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे उतरतं ऊन थेट दगडावर येतं. जुनं सचिवालय, विद्यापीठाचं सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. १८७४ ते १८७८ या काळात ही रांग पुरी झाली. मधल्या मैदानात एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात, एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो, आणि चेंडू कोणाचा यावरून कोणी भांडत नाही.

आता या इमारतींचे व्हरांडे नीट पाहा. मजल्यामजल्यावर कमानी, उघडे गोल जिने, सगळे पश्चिमेला. या इमारती बांधल्या तेव्हा समोर समुद्र होता. मैदान, मग कुलाब्याकडे जाणारी रेल्वेची लाइन, आणि तिच्या पलीकडे बॅकबेचं पाणी. व्हरांडे समुद्राच्या वाऱ्यासाठी होते. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून घेतलेल्या जुन्या फोटोंत हे लख्ख दिसतं. आज त्याच व्हरांड्यासमोर पाच-पाच मजली घरांची रांग आहे, तिच्यामागे आणखी रांगा, आणि त्यांच्यामागे मरीन ड्राइव्ह. समुद्र पश्चिमेला ढकलला गेला आणि व्हरांडे जागच्या जागी राहिले.

तो ढकलण्याचा पहिला डाव राजाबाई टॉवरशीच जोडलेला आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात शेअरांचं वेड पसरलं. बॅकबे बुजवून जमीन विकण्यासाठी कंपनी निघाली, तिचे शेअर अनेक पटींनी चढले. या उलाढालीतलं सर्वांत मोठं नाव प्रेमचंद रायचंद. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि कंपन्या धडाधड बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. पण त्याआधी त्यांनी विद्यापीठाला मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते, आईचं नाव द्यावं म्हणून. तो मनोरा उभा राहिला. बॅकबे मात्र पुढची ५० वर्षं जवळपास तशीच राहिली. जी पट्टी भरली गेली होती, तिच्यावरून रेल्वे गेली.

मैदान ओलांडून पश्चिमेच्या रांगेसमोर उभं राहिलं की काळ बदलतो. इथे १९३० च्या दशकातलं आर्ट डेको आहे: राजब महाल, एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू, टोकाला १९३८ चं इरॉस. दगडाच्या जागी सिमेंट काँक्रीट, टोकदार कमानींच्या जागी गोल वळणाचे कोपरे. एका इमारतीच्या लोखंडी फाटकावर उगवत्या सूर्याचे किरण आणि खाली लाटा अशी नक्षी आहे. फाटक रोज उघडझाप होऊन बिजागरीपाशी घासलं गेलंय, नक्षी मात्र जिवंत आहे. वर पाहिलं तर खिडक्यांवरून बारीक छज्जा कोपऱ्याला वळसा घालून सलग पुढे जातो. मैत्रिणीनं त्याच्या खालच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे एक उथळ खाच आहे. पावसाचं पाणी त्या खाचेशी तुटतं आणि थेंब भिंतीवर न ओघळता खाली पडतो. मी इतकी वर्षं या रस्त्यानं जाते आणि मला छज्जा शोभेचा वाटत होता. मुंबईचा पाऊस ओळखून केलेली ती सोय आहे.

पूर्वेचा दगड आणि पश्चिमेचं काँक्रीट या जोडीला २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. त्यासाठी नागरिकांनी आणि वास्तुसंवर्धकांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली. प्रस्तावाचा दस्तऐवज आभा नारायण लांबा यांनी तयार केला. एका मैदानाच्या दोन कडांवर शहराची दोन युगं समोरासमोर, अशी जागा मला तरी भारतात दुसरी माहीत नाही. तरीही ‘एका दिवसात मुंबई’च्या बहुतेक याद्यांत ओव्हलचं नाव नसतं.

तिथून मरीन ड्राइव्ह चालत पाच-सात मिनिटं. कठड्यावर बसल्यावर मैत्रिणीनं पुन्हा विचारलं, “आणि ही माती?” याचं उत्तर १९२० च्या दशकातल्या एका मोठ्या घोळात आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबेतली १,१४५ एकर जमीन भरायची योजना निघाली. समुद्रात भिंत घालायची, बंदराच्या तळाचा गाळ ड्रेजरनं उपसायचा आणि पाइपांतून भिंतीच्या आत सोडायचा. गाळ अपेक्षेपेक्षा कठीण निघाला, ड्रेजर अंदाजाइतका माल काढीना आणि भिंतीतून भराव झिरपून बाहेर जाऊ लागला. मैत्रीण लगेच म्हणाली, “भिंतीच्या आतून गाळणीचा थर नीट दिला नसेल.” खर्च फुगत गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानं या कारभारावर उघड आरोप केले. एका इंग्रज इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आठ ब्लॉकपैकी चारच पुरे झाले. मरीन ड्राइव्ह आणि त्यामागची घरं ही त्या फसलेल्या योजनेची कमाई. ओव्हलपलीकडच्या त्या लाइनीवरचं कुलाबा टर्मिनस १९३० अखेर बंद झालं आणि गाड्या चर्चगेटलाच थांबू लागल्या.

समुद्र भरण्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसाचं नाव पुढे समुद्र भरूनच केलेल्या नरिमन पॉइंटला मिळालं. हे त्या टॉवरांखालून जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

दिवसाचा शेवट कफ परेडला करावा, मच्छीमार नगरापाशी. इथे होड्या आहेत, वाळत घातलेली जाळी आहेत आणि मागे उंच इमारती. आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येक भरावाला ही दुसरी बाजू आहे. जमीन वाढली तेव्हा कोणाचा तरी किनारा गेला. ही जुनी गोष्ट नाही. कोस्टल रोडसाठी आपल्या डोळ्यांदेखत सुमारे १११ हेक्टर समुद्र भरला गेला. वरळीच्या कोळ्यांनी होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून पुलाच्या खांबांमध्ये १६० मीटर अंतर मागितलं. भांडून १२० मिळालं. कोस्टल रोडवरची नवी फिरण्याची वाट सुंदर आहे, मी तिथे आनंदानं चालते. पण मुंबईनं समुद्राकडून घेणं आता थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन शतकांत पुरेसं घेऊन झालंय. नव्या जमिनीचा हिशोब सादर करताना जोवर त्यात कोळ्यांचा किनारा धरलेला नसतो, तोवर तो हिशोब खरा मानता येणार नाही.

कफ परेडहून परतीची मेट्रो मिळते. मैत्रीण स्टेशनात शिरण्याआधी म्हणाली, “धरणाच्या भिंतीवर आम्ही पाण्याची पातळी रंगवतो. तुमच्याकडे कुठेच खूण नाही?” मला तरी आजवर ती कुठे दिसलेली नाही.

म्हणून महापालिकेला आणि मेट्रोला एक विनंती आहे. ओव्हलच्या पश्चिमेच्या फुटपाथवर, एशियाटिकच्या मागे, चर्चगेटच्या चौकात, वरळीला, जिथे जिथे जुना किनारा होता तिथे जमिनीवर एक रेघ ओढा आणि तिच्याशेजारी मराठीत साल लिहा. खर्च नगण्य आहे आणि जुने नकाशे उपलब्ध आहेत. ती रेघ येईपर्यंत वाचकांनी नाताळच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन हुतात्मा चौकात उतरावं, आणि ओव्हलवर चारनंतर पोचावं.