जॅझचे नवे गायक-वादक आणि त्यांचे संग्रह

जॅझ प्रथमच ऐकणाऱ्याला बहुधा एकच प्रश्न पडतो: हे वादक चांगली चाल सोडून भलतीकडेच कां भटकतात? ख्याल ऐकण्याची संवय असलेल्या माणसाला खरें पाहतां हा प्रश्न पडूं नये. बंदिश चार ओळींची असते आणि गवई तीवर तासभर गातो. केवळ त्या चार ओळी ऐकावयास कोणी मैफलीला जात नाहीं. जॅझमध्यें बंदिशीच्या जागीं पुष्कळदां एखादें जुनें नाटकांतील किंवा चित्रपटांतील गीत असतें. त्याचा सांचा बहुधा चार-चार मात्रांच्या 32 खंडांचा. 'ब्लूज' असेल तर 12 खंडांचा. सर्वजण मिळून आधीं चाल वाजवितात, मग तोच सांचा आवर्तनासारखा फिरत राहतो आणि एकेक वादक त्यावर आपली कल्पना चालवितो. शेवटीं चाल पुन्हां येते. फरक आहे तो निराळ्याच ठिकाणीं. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज हलत नाहीं. तेथें एकाच वेळीं वाजणाऱ्या स्वरांचा मेळ दर एक-दोन खंडांनीं पालटतो. पायाखालची जमीनच सरकत असते म्हणा ना! त्या प्रत्येक सरकण्याचें भान ठेवून वादकाला नवें कांहीं बोलावयाचें असतें.

जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यांत राग बसवावा लागला, आणि लुई आर्मस्ट्राँगलाही आपला ट्रंपेट तेवढ्यांतच आवरता घ्यावा लागला. 1948 सालीं अमेरिकेंत दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली आणि तें बंधन सैल झालें. आतां तर तबकडीवांचूनही संगीत घरोघर पोंचतें. तरीपण 'अल्बम', म्हणजे एका विचारानें बांधलेला संग्रह, ही कल्पना जॅझवाल्यांनीं सोडलेली नाहीं. मैफलींत सुचलेलें हवेंत विरून जातें. संग्रहांत तें कायमचें होऊन बसतें, आणि मग त्याची तुलना पूर्वसूरींशीं होते. नव्या कलावंताला भीति वाटावी ती या तुलनेची.

गायिकांना ती विशेषच. बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड, सॅरा व्हॉन यांनीं जीं गीतें गाऊन ठेविलीं, तींच आज पुन्हां कशासाठीं गावयाचीं? समारा जॉय हिच्यापुढें हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. तिचा जन्म 1999 सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत झाला. घराणें ख्रिस्ती भजनें गाणारें. आजी-आजोबा फिलाडेल्फियांतील एका भजनी संचांत गात असत. सॅरा व्हॉनच्या नांवानें चालणाऱ्या स्पर्धेंत 2019 सालीं ती पहिली आली, 2022 सालीं 'लिंगर अव्हाइल' हा संग्रह निघाला, आणि 2023 च्या फेब्रुवारींत उत्कृष्ट नवोदित कलावंताचें ग्रॅमी पारितोषिक तिला मिळालें. हें पारितोषिक बहुतेक लोकप्रिय गाण्यांच्या वाट्याला जातें. तें एका जॅझ-गायिकेला मिळावें याचें पुष्कळांना नवल वाटलें. परंतु तो संग्रह ऐकतांना मनांत येतें कीं आवाज थोर आहे, वाट मात्र दुसऱ्यांनीं पाडलेली.

2024 च्या 'पोर्ट्रेट' मध्यें तिनें स्वतःची वाट धरली. ज्या चालींना शब्दच नव्हते अशा कांहीं तिनें निवडल्या. चार्ल्स मिंगस यानें चार्ली पार्करच्या स्मरणार्थ रचलेली एक अवघड, नागमोडी चाल घेतली आणि तिला स्वतः शब्द घातले. आरंभीं ती साथीशिवाय, एकटीच गाते. मागें एकही वाद्य नसतां तिचा स्वर जागा सोडीत नाहीं. आपले गुरु, 2021 सालीं निधन पावलेले पियानोवादक बॅरी हॅरिस, यांच्याही एका चालीला तिनें असेच शब्द दिले आहेत. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि दोन सॅक्सोफोन यांच्यामध्यें तिचा आवाज पांचव्या सुषिर वाद्यासारखा वावरतो. गायिका पुढें आणि वाजंत्री मागें, हा संकेत येथें मोडला आहे. ध्वनिमुद्रण झालें न्यू जर्सींतील व्हॅन गेल्डर यांच्या वास्तूंत. जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' 1964 सालीं येथेंच मुद्रित झाला होता.

सेसिल मॅक्लोरिन साल्व्हंट हिची तऱ्हा अगदीं वेगळी. ती 1989 सालीं मायामींत जन्मली. वडील हैतीचे, आई फ्रेंच. दक्षिण फ्रान्समधील एक्स या गांवीं ती शास्त्रोक्त पाश्चात्य गायन शिकावयास गेली आणि तेथें जॅझला लागली! तिचा 'द विंडो' हा 2018 चा संग्रह जवळजवळ सबंध एकट्या पियानोच्या साथीवर उभा आहे. साथीला न्यू ऑर्लिन्सचा सलिव्हन फोर्टनर. चांगला पेटीवाला गवयाच्या मागून जातो. हा गृहस्थ मागून जात नाहीं, कधीं आडवा येतो, कधीं एकदम गप्प बसतो, आणि ती हंसत-हंसत त्याच्या खोडीला उत्तर देते. प्रेमगीतें तींच, पण प्रत्येक ओळीला ती असा कांहीं सूर लावते कीं बोलणारी बाई खरें बोलते आहे कीं स्वतःचीच समजूत घालते आहे, हें ऐकणाऱ्याला ठरवावें लागतें. 2023 च्या 'मेल्युसीन' मध्यें तिनें अर्ध्या नागीण असलेल्या स्त्रीची जुनी फ्रेंच दंतकथा घेतली आहे. त्यांत फ्रेंच, ऑक्सिटन, इंग्रजी आणि हैतीची क्रिओल अशा चार भाषा येतात.

वादकांत इमॅन्युएल विल्किन्स या तरुण आल्टो सॅक्सोफोनवादकाचा विचार सविस्तर केला पाहिजे. त्याचा जन्म 1997 चा, फिलाडेल्फियाजवळचा. 2020 च्या 'ओमेगा' या पहिल्याच संग्रहांत 1918 सालीं जॉर्जियांत जमावानें ठार केलेल्या मेरी टर्नरचें स्मरण आहे. 2022 च्या 'द सेव्हंथ हँड' चे सात भाग आहेत. पहिल्या सहांत रचनेचा आधार आहे. सातवा, सुमारें 26 मिनिटांचा भाग संपूर्ण मोकळा सोडला आहे. माणसाच्या प्रयत्नाची मर्यादा सहा, सातवा हात देवाचा, अशी त्यामागची धर्मश्रद्धा. भाग लांबला आहे आणि मध्यें-मध्यें श्रोत्याचा धीर सुटतो हें खरें. पण ध्वनिमुद्रिकेंत मोकळीक कैद होते हें ठाऊक असूनही ती इतका वेळ टिकवून धरण्याचें धाडस उपेक्षणीय नाहीं.

त्याचा 2024 चा संग्रह 'ब्लूज ब्लड'. 1964 सालीं हार्लेममध्यें डॅनियल हॅम या कृष्णवर्णी तरुणाला पोलिसांनीं कोठडींत बेदम मारलें. ज्यांच्या अंगावर रक्त दिसे त्यांनाच रुग्णालयांत नेत. म्हणून त्यानें आपली सुजलेली जखम पिळून रक्त काढून दाखविलें. ही हकीकत सांगतांना 'ब्रूज', म्हणजे मुका मार, हा शब्द त्याच्या तोंडून 'ब्लूज' असा निसटला. त्याच निवेदनाचा ध्वनिमुद्रित तुकडा घेऊन स्टीव्ह राइक यानें 1966 सालीं 'कम आउट' ही रचना केली होती. त्यांत शब्द फिरून-फिरून शेवटीं नुसता नाद उरतो. विल्किन्स उलट दिशेनें जातो. तो त्या निसटलेल्या शब्दाला गळे देतो. गाणारांत साल्व्हंट आहे, तशीच न्यूयॉर्कमध्यें जन्मून तमिळनाडूंत वाढलेली गणव्याही आहे. ही कृति रंगमंचावर सादर झाली तेव्हां तेथें स्वयंपाकही शिजत होता. रक्ताबरोबर चव, हात आणि घरचा वासही वारसाहक्कानें येतो, असें त्यांतून सुचविलें आहे. संग्रहांत वास येत नाहीं. ती उणीव गळ्यांनींच भरून काढावयाची होती, आणि बव्हंशीं ती भरून निघाली आहे.

विजय अय्यर यांच्या पियानोचा उल्लेख येथें केवळ ओझरता करतां येईल. 2021 चा 'अनईझी' आणि 2024 चा 'कम्पॅशन' हे दोन्ही संग्रह ऐकण्याजोगे आहेत. मुंबईशीं मात्र या संगीताचें नातें जुनें आहे. 1935 सालीं लिऑन ॲबीचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत वाजत होता, आणि गोव्याच्या आल्दोना गांवचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढें सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. 'अलबेला' च्या चालींतील उसळी ऐकून ज्यांचे पाय थिरकले त्यांनीं जॅझची चव नकळत घेतलेलीच आहे. नंतर मुंबईचेंच वाद्य तिकडे गेलें. सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यानें झाकिर हुसेन यांच्या तबल्याबरोबर 2006 सालीं 'संगम' आणि 2022 सालीं गिटारवादक जूलियन लाज याच्यासह 'सेक्रेड थ्रेड' असे संग्रह प्रसिद्ध केले. दुसऱ्यांत झाकिरभाई गातातही. 2024 च्या डिसेंबरांत ते निवर्तले. त्याच वर्षीं 15 मार्चला, आपल्या 86 व्या वाढदिवशीं, लॉइड यानें एक नवा जोडसंग्रह प्रसिद्ध केला होता. त्यांत तबला नाहीं, आणि ब्रायन ब्लेड ढोलांवर इतक्या हलक्या हातानें साथ करतो कीं म्हाताऱ्याच्या फुंकीचा श्वासही ऐकूं यावा.