सुपरमॅनच्या बापाचा शाप

अमेरिकी सुपरहिरोंच्या नाताळकथा जमवायचा मला नाद आहे. हा नाद घरच्यांना समजत नाही आणि मीही समजावायच्या फंदात पडत नाही. यातल्या बहुतेक कथा, खरं सांगायचं तर, पाकात बुडालेल्या असतात. बर्फ पडत असतो, अनाथाश्रमातल्या मुलांची खेळणी चोरीला जातात, झगेवाला नायक ती परत आणतो आणि शेवटच्या चौकटीत चोराचेही डोळे भरून येतात. इंद्रजालमधल्या वेताळावर पोसलेल्या आमच्या पिढीला एवढा गोडवा झेपत नाही.

तरी शंभर भाकड कथांमागे एखादी अशी लागते की नाद सुटत नाही. 'बॅटमॅन'च्या २१९व्या अंकात (फेब्रुवारी १९७०) माइक फ्रीडरिकने लिहिलेली एक छोटी गोष्ट आहे. नाताळच्या आदल्या रात्री कमिशनर गॉर्डन बॅटमॅनला पोलिसांबरोबर नाताळची गाणी म्हणायला बोलावतो. बॅटमॅन कुरकुरतो, कारण शहरात गुन्हे व्हायचेच. पण तो थांबतो आणि रात्रभर गातो. शहरात काय घडतं ते आपल्याला दिसतं, त्याला नाही. गुन्हा करायला निघालेली माणसं आपणहून मागे फिरतात. सुपरहिरोच्या कथेत सुपरहिरोला काहीच काम न देणं, ही मला त्या काळातली मोठी हिंमत वाटते. युक्ती अगदीच नवी नव्हती म्हणा. विल आयस्नर आपल्या 'स्पिरिट' मालिकेत दर नाताळला नायकाला जवळपास सुट्टीच देत असे आणि सामान्य माणसांकडूनच भलं करवून घेत असे. आयस्नर ज्यू होता. सुपरमॅनचे दोन्ही जनक ज्यू, बॅटमॅनचेही दोन्ही. अमेरिकेच्या नाताळाला झगा आणि मुखवटा चढवणारी ही पोरं ज्यांच्या घरी नाताळ नसायचा अशा घरांतली होती.

पण आज सांगायचं ते दुसरंच. बॅटमॅनच्या त्या गोष्टीची चित्रं नील अ‍ॅडम्सने काढली होती. हाच अ‍ॅडम्स सहाएक वर्षांनी, १९७५च्या नाताळात, एका बलाढ्य कंपनीला मागे फिरवणाऱ्यांत पुढे होता. त्या भांडणाची कागदपत्रं मला कुठल्याही नाताळकथेपेक्षा जास्त वाचनीय वाटतात.

सुरुवात होते एका धनादेशापासून. तारीख १ मार्च १९३८, रक्कम ४१२ डॉलर, सही प्रकाशक जॅक लीबोविट्झची. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'साठी २१०, 'अ‍ॅडव्हेंचर'साठी ३६, 'मोअर फन'साठी ३६ आणि 'सुपरमॅन'साठी १३०. वाण्याच्या यादीत मिठाची पुडी यावी तसा सुपरमॅन त्या हिशेबात आला आहे. १३० डॉलर हे तेरा पानांचे पैसे. आणि त्याच पैशांत जेरी सिगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तेविशीतल्या पोरांनी त्या पात्राचे सगळे हक्क लिहून दिले. धनादेशावर दोघांच्याही नावांची स्पेलिंगं चुकलेली होती, त्यामुळे मागच्या बाजूला त्यांना चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही स्पेलिंगांनी सह्या कराव्या लागल्या. हा कागद २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. सुपरमॅनच्या त्या ओळीने त्याच्या जनकांना दिलं त्याहून कितीतरी जास्त त्या कागदाने तिसऱ्याच कुणाला दिलं!

मधली वर्षं मी पळवतो, कारण ती कंटाळवाणी आणि दुःखद अशी दोन्ही आहेत. सुपरमॅन तुफान चालला. दोघांना काम मिळत राहिलं, पैसेही बरे मिळाले. १९४० साली तर सिगलने दुकानांतून फुकट वाटायला सुपरमॅनची एक नाताळकथाही लिहिली. मग सिगल लष्करात असताना लीबोविट्झच्या कंपनीने त्याची 'सुपरबॉय'ची कल्पना परस्पर छापायला घेतली. १९४७ साली दोघं कोर्टात गेले. १९४८ साली सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, त्यातला मोठा वाटा वकिलांनी नेला आणि सुपरमॅनच्या पानांवरून दोघांची नावं गेली. १९५९ साली सिगलची बायको जोअ‍ॅन हिने कंपनीच्या दारात जाऊन नवऱ्यासाठी काम मागितलं. ही तीच जोअ‍ॅन, शुस्टरने सुपरमॅनची नायिका लोइस लेन कागदावर उतरवायला जिला समोर बसवलं होतं. काम मिळालं, पण निनावी. सुपरमॅनचा जनक सुपरमॅनच्या गोष्टी पानाच्या दराने, नावाशिवाय लिहीत राहिला. साठच्या दशकात त्याने पुन्हा हक्कांसाठी उचल खाल्ली, तेव्हा तेही काम गेलं. १९७३ साली निकाल विरोधात गेला, डिसेंबर १९७४ मध्ये अपीलही.

याच सुमारास सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार अशी बातमी आली. सिगल तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये एका सरकारी कार्यालयात कारकुनी करत होता. शुस्टर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भावाच्या आधाराने राहत होता आणि त्याची दृष्टी इतकी गेली होती की कायद्याच्या भाषेत तो अंधच होता. ज्याच्या नायकाला भिंतीपलीकडचं दिसतं, त्याची ही गत. इतकं ठोकळेबाज कथानक एखाद्या नवशिक्या लेखकाने आणलं असतं तर संपादकाने साभार परत पाठवलं असतं.

१९७५च्या शरदात सिगलने टाइपरायटरवर एक पत्रक बडवलं आणि वर्तमानपत्रांना पाठवलं. हा माझा सगळ्यात लाडका दस्तऐवज. पत्रक म्हणजे आपण जे समजतो तसं ते अजिबात नाही. पहिल्याच वाक्यात तो सुपरमॅनच्या चित्रपटाला शाप देतो! हा चित्रपट आपटो, लोकांनी तो पाहू नये, अशी उघड इच्छा व्यक्त करतो. मग दाट टंकलेल्या पानांमागून पानं: कुणी कधी काय कबूल केलं, कुणी कधी शब्द फिरवला, लीबोविट्झ कसा वागला, आपण किती वेळा हात पसरले. मजकुराची भाषा थेट त्याच्या जुन्या कॉमिक्सची आहे. तेच ठसठशीत शब्द, तीच उद्गारचिन्हं. फक्त यावेळी धावून येणारं कुणी नाही. वकिलाने हे पत्रक वाचलं असतं तर फाडून टाकलं असतं. मला वाटतं, वकिलांच्या हातून दोनदा हरलेल्या माणसाने वकिली भाषा सोडून दिली, हेच बरं झालं.

आधी फारसं काही झालं नाही. कॅलिफोर्नियातल्या फिल येह या तरुण चित्रकाराच्या 'कॉबलस्टोन' नावाच्या छोट्या मासिकाने दखल घेतली, मग मोठी वर्तमानपत्रं जागी झाली. पत्रकाची बातमी नील अ‍ॅडम्सपर्यंत पोहोचली. अ‍ॅडम्स त्या धंद्यातला सगळ्यात नावाजलेला चित्रकार, आणि तोंडाळही. चित्रकारांना त्यांची मूळ चित्रं परत मिळावीत म्हणून तो प्रकाशकांशी आधीपासून भांडतच होता. त्याने स्टुडिओतला फोन हाताशी धरला आणि वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी, जो भेटेल त्याच्यासमोर या दोन म्हाताऱ्यांना उभं केलं. दोघंही जेमतेम एकसष्टीचे होते, पण छायाचित्रांत त्याहून बरेच थकलेले दिसतात.

दुसरा माणूस जेरी रॉबिन्सन. तरुणपणी त्याने बॅटमॅनची चित्रं काढली होती. जोकरच्या जन्मातही त्याचा हात होता. नंतर तो व्यंगचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याने व्यंगचित्रकारांच्या संघटना या बाजूला उभ्या केल्या. अ‍ॅडम्सचे चाहते ही कथा सांगतात तेव्हा नायक अ‍ॅडम्स असतो, रॉबिन्सनचे चाहते सांगतात तेव्हा रॉबिन्सन. श्रेय मिळवून देण्याच्या लढाईतही श्रेयाची ओढाताण सुटली नाही. माझं मत विचाराल तर आरडाओरडा अ‍ॅडम्सचा आणि टेबलावरची चिकाटी रॉबिन्सनची. एकावाचून दुसऱ्याचं चाललं नसतं.

समोर होती वॉर्नर कम्युनिकेशन्स, कारण सुपरमॅनची प्रकाशनसंस्था आता तिच्या पोटात होती. कंपनीच्या बाजूने बोलणी केली उपाध्यक्ष जे एमेट याने. हा एमेट म्हणजे लीबोविट्झचा पुतण्या! आणि खुद्द लीबोविट्झ, तो ४१२ डॉलरचा धनादेश काढणारा, अजून कंपनीच्या संचालक मंडळावर होता. कंपनीची भूमिका अशी की कायद्याने आम्ही काहीच देणं लागत नाही. देऊ ते नैतिक जबाबदारी म्हणून. कायद्याचं म्हणाल तर त्यात खोटं काही नव्हतं, कोर्टाने दोनदा तसंच सांगितलं होतं. पण ही नैतिकता सदतीस वर्षं कुठे होती? ती जागी झाली तेव्हा कोट्यवधी डॉलरचा चित्रपट दाराशी होता, रस्त्यावर नाताळची खरेदी चालू होती आणि रोज कुठल्यातरी वर्तमानपत्रात सुपरमॅनचे जनक कसे विपन्नावस्थेत आहेत ते छापून येत होतं.

पैशांवर त्या मानाने लवकर जमलं. घोडं अडलं ते नावापाशी. हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सूचक वाटतं. दर वर्षाचा आकडा लिहायला कंपनीचा हात अडखळला नाही. 'निर्मिती: सिगल आणि शुस्टर' एवढी ओळ छापायला अडखळला. त्याला कारण आहे. पैसे दयेपोटी देता येतात, नाव द्यायचं तर काहीतरी कबूल करावं लागतं. आपल्याकडे वृद्ध कलावंताला मानधन मंजूर होतं, सत्कारात शाल-श्रीफळ मिळतं, पण त्याच्या जुन्या चालीखाली किंवा चित्राखाली नाव घालायची वेळ आली की सगळे जागा नाही म्हणतात. दिवाळी अंकांतली रेखाचित्रं कुणाची, हे भिंग लावून शोधावं लागतं ते काही उगाच नाही.

इकडे सिगल टेकीला आला होता. त्याचं हृदय कमजोर होतं आणि आपण हे संपेपर्यंत जगतो की नाही, ही धास्ती त्याला खात होती. मिळतंय ते घेऊन मोकळं व्हावं, असं त्याला वाटू लागलं. रॉबिन्सनने नावाचा हट्ट सोडला नाही. शेवटी ठरलं ते असं: दोघांना हयातभर दरसाल प्रत्येकी २०,००० डॉलर, औषधोपचाराचा खर्च, आणि कॉमिक्स, दूरचित्रवाणी, चित्रपट यांवर निर्माते म्हणून नाव. खेळण्यांवर मात्र नाव नाही; तिथे कंपनीने माघार घेतली नाही. २३ डिसेंबर १९७५ला करार जाहीर झाला. न्यूयॉर्कमध्ये रॉबिन्सनच्या घरी मित्रमंडळी जमली आणि दूरचित्रवाणीवर वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइटने बातम्यांचा शेवट सुपरमॅनच्या जनकांना न्याय मिळाल्याच्या बातमीने केला.

याला नाताळचा चमत्कार म्हणायची तेव्हाही फॅशन होती, आजही आहे. मला ते पटत नाही. बॅटमॅनच्या गोष्टीत माणसं एकटी असताना, कुणी पाहत नसताना मागे फिरतात. वॉर्नर मागे फिरली ती सगळा देश पाहत होता म्हणून. दया होती, पण ती कंपनीच्या बाजूला नव्हती. ती होती अ‍ॅडम्सच्या स्टुडिओत, रॉबिन्सनच्या दिवाणखान्यात, येहच्या फाटक्या मासिकात. यातल्या एकालाही यातून दमडी मिळायची नव्हती. अ‍ॅडम्सला तर ज्यांच्याकडून कामं मिळायची त्यांच्याशीच वैर घ्यावं लागलं.

१९७८च्या डिसेंबरात चित्रपट आला, धो धो चालला, पडद्यावर दोघांची नावं झळकली. शाप फळला नाही, आणि सिगलला त्याचं दुःख झाल्याचं दिसत नाही. शुस्टर १९९२ साली गेला, सिगल १९९६ साली. पुढे वारसदार आणि कंपनी यांच्यात पुन्हा कोर्टबाजी सुरू झाली आणि ती २०१३च्या पुढेही रेंगाळली. ती वाचताना मला झोप येते, तेव्हा वाचकांची सुटका करतो.

एका माणसाबद्दल मात्र बोलायला हवं. बॅटमॅनचा बराचसा ऐवज, टोपी-झग्यापासून गॉथमपर्यंत, बिल फिंगर या लेखकाचा. करारात नाव लावलं चित्रकार बॉब केनने एकट्याने. फिंगर जानेवारी १९७४ मध्ये गेला, सिगलच्या पत्रकाच्या पावणेदोन वर्षं आधी. कुणाच्या तरी फोनची वाट पाहण्याइतका वेळही त्याला मिळाला नाही. बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ साल उजाडावं लागलं. त्याआधी दहा वर्षं, २००५ साली, उपेक्षित कॉमिक्स-लेखकांसाठी सॅन दिएगोच्या संमेलनात बिल फिंगरच्या नावाने एक पुरस्कार सुरू झाला. हयात लेखकांसाठीही आणि दिवंगतांसाठीही. सुरू केला होता जेरी रॉबिन्सननेच, वयाच्या ८३व्या वर्षी. पहिल्या वर्षी दिवंगतांमधून निवड झाली जेरी सिगलची.