चीताचा पंखा १७ मिलिमीटरने आखूड!



मागच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं द्यायचं ते बघितलं. त्यात नाशिकच्या एका मुलाचा उल्लेख दोन वाक्यांत आला होता, हेलिकॉप्टरची मॉडेल बनवणारा. त्याची पूर्ण गोष्ट व्हिडिओत बसली नसती. ती इथे लिहितोय, कारण तुम्ही पेढे विका नाहीतर पंप, ही चूक तुमच्याही दुकानात होऊ शकते.

हा मुलगा आपल्या बॅचमधला. हात सोन्याचा. नाशिक रोडला गांधीनगरमध्ये लष्कराच्या हवाई शाखेची प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे वैमानिक मंडळी आसपास असतातच. कुणाची बदली, कुणाची निवृत्ती, मग आठवण म्हणून काहीतरी द्यायचं असतं. एका निवृत्त होणाऱ्या वैमानिकासाठी त्याच्या सहकाऱ्यांनी ऑर्डर दिली. चीता हेलिकॉप्टर, १:४८ प्रमाणात, काचेच्या पेटीत. भाव ठरला ६,५०० रुपये.

समारंभ झाला. साहेबांनी पेटी हातात घेतली, खूश झाले. मग चष्मा वर केला आणि विचारलं, "अरे, हे कुठल्या बाजूला फिरतंय?"

आता इथे जरा थांबा. पंख्याचं पातं दोन्ही कडांना सारखं नसतं. पुढची कड जाड आणि गोल, मागची पातळ. ज्या बाजूला जाड कड, त्या बाजूला पातं फिरतं. चीता हे मुळात फ्रेंच डिझाइन, आणि त्या घराण्याचा पंखा वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अमेरिकन हेलिकॉप्टरचा बहुतेक वेळा उलटा. म्हणजे शेपटीकडून नाकाकडे बघत उभे राहिलात, तर डाव्या हाताच्या पात्याची जाड कड नाकाकडे पाहिजे. आपल्या गड्याने तिन्ही पाती अमेरिकन पद्धतीने बसवली होती. चारशे लोकांनी बघितलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण ज्याने आयुष्यभर त्या पंख्याखाली बसून उड्डाण केलं, त्याला ते अर्ध्या मिनिटात दिसलं.

मुलगा म्हणाला, "सर, मी दुरुस्त करून देतो." पेटी घरी आणली आणि मोजपट्टी घेऊन बसला. तेव्हा दुसरी चूक सापडली. ती साहेबांच्याही नजरेतून सुटली होती.

चीताचा पंखा व्यासाने ११.०२ मीटर. ४८ ने भागा, साधारण २२९.६ मिलिमीटर येतात. याच्या मॉडेलचा पंखा भरला २१२ च्या थोडा वर. १७ मिलिमीटर कमी! कसं काय? तर इंटरनेटवर मिळालेलं ड्रॉइंग चीताचं नव्हतंच. ते होतं आल्युएत-२ चं. दिसायला सख्खे भाऊ: तोच काचेचा फुगा, तीच जाळीची शेपटी, तेच खाली स्किड. पण आल्युएत-२ चा पंखा १०.२० मीटरचा.

हे दोघं इतके सारखे का, ते कळलं की चूक परत होत नाही. भारताच्या सैन्याला उंचावर, विरळ हवेत चालणारं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. फ्रेंच कंपनीने आल्युएत-२ चा सांगाडा घेतला, त्यावर थोरल्या आल्युएत-३ चं इंजिन आणि पंखा बसवला. १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, नाव ठेवलं लामा. तेच आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्यावर बनवलं आणि त्याचं नाव झालं चीता. इंजिनची खरी ताकद ८७० अश्वशक्तीची, पण ते ५५० वर बांधून ठेवलेलं. उंचावर हवा विरळ झाली की शिल्लक ठेवलेली ताकद कामाला येते. २१ जून १९७२ ला ज्याँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटरवर नेलं, जागतिक विक्रम. तिथे इंजिन बंद पडलं. मग खालून येणाऱ्या हवेवर फिरणाऱ्या पंख्याच्या जोरावर ते तसेच जमिनीवर उतरले. हेच यंत्र पुढे सियाचीनमध्ये २० हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर सामान पोचवू लागलं, आजारी जवानांना खाली आणू लागलं.

आता सांगा, ज्या पंख्याच्या लांबीवर हे सगळं उभं आहे, तोच पंखा आपण आखूड करून त्या माणसाला निवृत्तीची भेट म्हणून दिला. साहेब काही बोलले नसते. पण मुलाला त्या रात्री झोप लागली नाही, आणि मला त्याचं हेच आवडलं.

बरं, आता पैशाकडे वळू. मी त्याला विचारलं, "तू वेळ किती धरला होतास?" म्हणाला, "दोन दिवस, सर. सोळा तास." वही उघडायला लावली. प्रत्यक्षात लागले ४१ तास, त्यातले १४ नुसत्या शेपटीला!

ती शेपटी म्हणजे या मॉडेलचा खरा जीव. पत्र्याने झाकलेली नाही, उघडी जाळी. लांब नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या तिरक्या काड्या. समजा खरी नळी ३० मिलिमीटर जाड आहे, तर १:४८ मध्ये ती ०.६ मिलिमीटर, आणि १:७२ मध्ये जेमतेम ०.४. प्लॅस्टिकची काडी एवढी बारीक केली तर वाकते, रेझिनची प्रिंट मारली तर पेटीत ठेवतानाच तुटते. हा पितळेची तार वापरतो. लाकडी फळीवर मापाचं ड्रॉइंग चिकटवायचं, खिळ्यांनी तारा धरायच्या, मग एकेक सांधा डाख देऊन जोडायचा. गंमत अशी, की एक सांधा तापला की शेजारचा सुटतो. म्हणून शेजारच्या सांध्यावर ओला कापूस ठेवायचा. हे त्याला कुणी शिकवलं नाही, तीन शेपट्या वाया घालवून कळलं. त्या तीन शेपट्यांची तार कुणाच्या खर्चात धरली? कुणाच्याच नाही!

पुढचा काचेचा फुगाही असाच. लाकडाचा साचा घासून गुळगुळीत करायचा, पारदर्शक शीट गरम करून त्यावर ताणायची. साच्यावर एक ओरखडा राहिला की तो काचेत उमटलाच. आणि फुगा चिकटवताना चुकूनही झटपट सुकणारा सुपर ग्लू नको. त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढरी धूसर साय येते, आणि आतून पुसायला बोट जात नाही. साधा पांढरा फेविकॉल. वेळ लागतो, पण काच काच राहते.

रंगाचं थोडक्यात सांगतो. खऱ्या यंत्राचा हिरवा रंग जसाच्या तसा छोट्या मॉडेलवर मारला तर तो काळपट दिसतो. थोडा फिका करून घ्यावा लागतो.

तर हिशोब. ६,५०० मधून सामानाचे १,४०० गेले, उरले ५,१००. भागिले ४१ तास, म्हणजे तासाला सुमारे १२४ रुपये. नवा पंखा करायला आणखी ९ तास आणि ३०० रुपये. आता ४,८०० भागिले ५०, तासाला ९६. यात वीज, भाडं, वाया गेलेलं सामान काहीच नाही. हात सोन्याचा आणि मजुरी मातीची!

त्याचं पहिलं उत्तर होतं, "सर, पुढचं १:७२ मध्ये करतो, लहान म्हणजे स्वस्त." मी नाही म्हटलं. लहान मॉडेलला सामान कमी लागतं, वेळ नाही. ०.४ ची तार जोडायला ०.६ पेक्षा जास्तच वेळ जातो.

मग आम्ही दोन भाव केले. एक शोपीस: शेपटी साधी, ओळखीचा आकार, टेबलावर छान दिसेल. दुसरा अचूक, जवळजवळ तिप्पट दराचा. गिऱ्हाइकाला दोन्ही नमुने हातात द्यायचे आणि गप्प बसायचं. अचूक हवं म्हणाला, तर अॅडव्हान्स घेण्याआधी एक कागद भरून घ्यायचा.

त्या कागदावर काय? नेमकं कोणतं यंत्र, शेपटीवरचा क्रमांक कोणता. लष्कराच्या हेलिकॉप्टरवर क्रमांकाआधी 'आयए' असतं, हवाई दलाच्या क्रमांकाची सुरुवात 'झेड' ने होते, नौदलाचं 'आयएन'. कोणत्या वर्षातलं, कारण रंग बदलत जातो. दारं लावलेली की काढलेली. आणि उभं दाखवायचं की उडतं? हा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. पण उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात आणि उडताना किंचित वर उचललेली असतात. सरळ पट्टीसारखी पाती दोन्हीकडे चुकीची. सोबत गिऱ्हाइकाने स्वतःचे दोन-चार फोटो द्यायचे. छावणीत मोबाइल घेऊन फोटो काढायला जायचं नाही, ही गंमत अंगाशी येते. छापून आलेल्या फोटोंवर भागतं.

नवा पंखा घेऊन तो साहेबांच्या घरी गेला, तेव्हा लांबीची चूकही स्वतःहून सांगितली. मी म्हटलं होतं, "सांगू नकोस असं मी म्हणणार नाही, पण घाबरत जाऊ नकोस." साहेबांनी जुना पंखा मागून घेतला, नव्याच्या शेजारी धरला आणि पुतण्याला हाक मारून दाखवलं. मग चहा झाला आणि दीड तास सियाचीनच्या गोष्टी.

परवा मुलाचा फोन आला. "सर, साहेबांच्या ओळखीने ऑर्डर आलीय. चेतक, चाकंवालं. पंखा तोच, ११.०२. भाव अचूकचा सांगितला."

"हो म्हणाले?"

"अजून नाही. आधी शेपटीचा नंबर पाठवा म्हटलंय."