परसातील पेरूंचे काय करावे?

मृगाच्या पावसात फुललेल्या पेरूला फळ धरते आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत ते पिकत राहते. आपल्या आगमनकाळात, मिस्सेला जांभळे वस्त्र असते त्या दिवसांत, गावात ज्याच्या परसात पेरूचे एखादे झाड आहे त्याच्यावर ही संपत्ती एकदमच कोसळते. आठ दिवस घरची मुले आनंदाने खातात, नवव्या दिवसापासून कोणी त्या टोपलीकडे पाहत नाही. बाजारात न्यावे, तर व्यापारी जो भाव सांगतो त्यातून मोटारीचे भाडेही सुटत नाही. मग फळे झाडाखाली सडू लागतात.

या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार आहे, कारण हे पाप माझ्या हातून घडले आहे. ख्रिस्तमंदिराच्या आवारात पेरूची दोन झाडे आहेत. मुले दगड मारतात, कौले फुटतात, म्हणून एका वर्षी मी फाटकाला कुलूप घातले. पेरू भरपूर आले. मी दोन-चार खाल्ले, पाहुण्यांना थोडे दिले. बाकीचे पडून राहिले. एके दिवशी मिस्सा आटोपल्यावर गावातील एक वृद्ध आजी झाडाखालचा तो चिखल पाहत उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "फादर, एवढी राखण केलीत ती अळ्यांसाठी होय?" मला उत्तर सुचले नाही. द्राक्षमळा पार झोडून नेऊ नये, खाली पडलेली फळे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. तिच्यावर मी प्रवचनही केलेले होते!

त्याच आजींनी दुसऱ्या दिवशी मोठे पातेले आणि चाळण आणून मला पेराद करावयास शिकविले. हा पदार्थ गोव्याकडील ख्रिस्ती घरांतून नाताळच्या ताटात असतोच. पेरूचे झाड मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आले. त्यांच्या भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. त्यांच्या देशी 'मार्मेलो' नावाच्या आंबट-तुरट फळाची घट्ट वडी करतात, तिला 'मार्मेलाद' म्हणतात. पेराद ही तिचीच इकडची बहीण.

पेरादीला पूर्ण पिकलेले, पण न सडलेले पेरू घ्यावेत. धुऊन, फोडी करून, त्या बुडतील न बुडतील एवढ्याच पाण्यात मऊ शिजवाव्यात आणि चाळणीवर घासून गर काढावा. येथे घाई करू नये. बिया यंत्रात वाटल्या तर वडी दाताखाली वाळूसारखी कचकचते. एक किलो गराला पाऊण किलो साखर, दोन लिंबांचा रस व चिमूटभर मीठ घालून मध्यम विस्तवावर सतत ढवळावे. गर आटू लागला की त्याचे तापलेले शिंतोडे दूरवर उडतात. माझ्या मनगटावर त्याची खूण अजून आहे. तेव्हा लांब दांड्याचा लाकडी चाटू घ्यावा, हाताला फडके गुंडाळावे आणि लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला की दोन चमचे लोणी घालावे. थेंबभर गर थाळीतील थंड पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली, म्हणजे काम झाले. तूप लावलेल्या ताटात थापून दुसऱ्या दिवशी वड्या पाडाव्यात. पातेले कल्हईचे किंवा स्टीलचे असावे. उघड्या पितळेत वा तांब्यात आंबट पदार्थ शिजवू नये.

जेली करावयाची असेल तर उलट, किंचित कच्चे, कडक पेरू हवेत. फळातील ज्या द्रव्यामुळे रस गोठतो ते पेक्टिन पिकत जाताना कमी होते. एक किलो फोडी दीड लिटर पाण्यात अर्धा तास उकळून मलमलीच्या फडक्यात टांगून ठेवाव्यात. रात्रभर रस आपोआप गळू द्यावा. अधीर होऊन पिळले की जेली गढूळ होते. एक लिटर रसाला पाऊण किलो साखर व तीन लिंबे घालून खळखळ उकळावे. चमचा तिरपा धरला असता थेंब एकेक न पडता एकमेकांत मिळून पापुद्र्यासारखे घसरू लागले की उतरवावे आणि गरम असतानाच कोरड्या, तापविलेल्या बाटल्यांत भरावे. पूर्वी वरून वितळलेले मेण ओतण्याची रीत होती. एका भगिनीने त्यासाठी माझ्याकडे वेदीवरील मेणबत्त्यांची थुटके मागितली. ती मी दिली नाहीत. घट्ट झाकण पुरते.

साखर महाग पडते हे मला ठाऊक आहे. ज्या घरी ती आणवत नाही तेथे अर्धकच्च्या पेरूची मोहरीची फोडणी देऊन गूळ व तिखट घातलेली भाजी करावी. भाकरीबरोबर उत्तम लागते. मिरची-मिठाबरोबर वाटलेली चटणीही चांगली होते. आणि ताजा पेरू तर औषधच आहे. त्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते, व तेही सालीजवळ पुष्कळ. म्हणून साल सोलू नये.

किडलेल्या फळांविषयी मात्र आळस नको. फळमाशी पिकत्या फळात अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ गळून पडले की त्या जमिनीत शिरून कोष करतात आणि त्यांतून नव्या माश्या निघतात. झाडाखाली सडणारे फळ म्हणजे पुढच्या किडीचे बेणेच! अशी फळे रोजच्या रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत. शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नयेत.

आवाराच्या फाटकाला आता कुलूप नसते. शाळा सुटल्यावर मुले येतात, त्यांना आकडी दिली आहे; दगड मारणाऱ्याने आकडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, एवढाच नियम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक मोठी फांदी मोडली. उरलेल्या फळांची पेराद माता-भगिनी नाताळच्या आधीच्या शनिवारी आवारात करतील. ज्यांच्या घरी झाड नाही त्यांनी मुद्दाम यावे. गेल्या खेपेस कोणाच्या तरी घरी गेलेली मोठी चाळण अद्याप परत आलेली नाही. ती आजींची आहे, तेव्हा कृपा करून त्याआधी आणून द्यावी.