स्वतःसाठी काहीच न मागणारा

मृग सरून आर्द्रा लागल्या, की आपल्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठाकाठाने धानाच्या पऱ्ह्यांची लगबग सुरू होते. याच दिवसांत, २४ जूनला, तिकडे गोव्यात ख्रिस्ती तरुण डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घालून विहिरीत उड्या घेतात. शिवोलीला सजवलेल्या होड्या येतात, नव्या जावयाचे कौतुक होते. हा सांजांव, म्हणजे संत योहानाचा जन्मदिवस. येशूची आई मरिया भेटीला आली, तेव्हा योहानाने आईच्या पोटातच आनंदाने उडी मारली, अशी कथा आहे. विहिरीतली उडी ही तिचीच आठवण.

ज्याच्या नावाने हा जल्लोष, तो माणूस मात्र विरक्त. अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र, खायला टोळ आणि रानमध. यार्देन नदीकाठी तो लोकांना बाप्तिस्मा देई. जकातदारांनी ठरल्याहून अधिक घेऊ नये, शिपायांनी धाक दाखवून पैसा उकळू नये, असा त्याचा रोखठोक उपदेश होता.

हाच तारणारा असेल, असे लोकांना वाटू लागले. त्याने साफ नकार दिला. आपल्यामागून येणाऱ्याच्या वहाणांचा बंद सोडण्याचीही आपली पात्रता नाही, असे त्याने सांगितले. पुढे गर्दी येशूकडे वळली. शिष्य कुरकुरले, योहान मात्र आनंदला. आपला मान दुसऱ्याकडे जाताना पाहून आनंद मानणे किती अवघड आहे, हे आपण घरात, कचेरीत, गावकीत रोज अनुभवतो.

असा हा नम्र माणूस सत्तेपुढे वाकला नाही. गालीलचा राज्यकर्ता हेरोद अंतिपा याने भावाची बायको हेरोदिया हिच्याशी लग्न केले. हे धर्माला सोडून आहे, असे योहानाने त्याला बजावले आणि तुरुंग पत्करला. हेरोदाच्या वाढदिवशी हेरोदियाची मुलगी नाचली. खूश होऊन त्याने मागशील ते देण्याची शपथ घेतली. आईच्या सांगण्यावरून तिने तबकात योहानाचे शिर मागितले. हेरोदाला वाईट वाटले. पण पाहुण्यांसमोर शब्द फिरवण्याची हिंमत झाली नाही.

ही हकिगत शुभवर्तमानांतली. ज्यू इतिहासकार योसेफस यानेही ही हत्या नोंदवली आहे. मात्र लोक योहानाच्या शब्दाखातर बंड करतील, या भीतीने हेरोदाने त्याला संपवले, असे तो म्हणतो. मुसलमान योहानाला याह्या पैगंबर मानतात. दमास्कसच्या उमय्या मशिदीत त्याचे स्मृतिस्थान आहे.

हेरोदापाशी गमावण्यासारखे पुष्कळ होते, म्हणून तो पाहुण्यांनाही भ्याला. योहानाने मोठेपणाचा मोह आधीच सोडला होता. त्याला भिववणार कोण? दर २९ ऑगस्टला चर्चमध्ये त्याच्या बलिदानाचे स्मरण होते. जूनमधल्या उड्यांइतकेच तेही ध्यानात ठेवावे.