घरच्या टेपवरचा हक्क

टीव्हीवरचा कार्यक्रम टेपवर उतरवून घेण्याची निकड अमेरिकेत प्रेक्षकांच्या आधी खुद्द वाहिन्यांना भासली. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा लॉस एंजलिसमध्ये दुपारचे चारच वाजलेले असतात. पूर्वेकडून थेट प्रसारित होणारे कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना कामावरून घरी आल्यावर दाखवायचे, तर ते तीन तास कुठे तरी राखून ठेवावे लागत. त्यासाठी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा, फिल्म घाईघाईने धुवायची आणि ती पुन्हा चालवायची, असा खटाटोप चाले. चित्र धूसर येई ते वेगळेच. एप्रिल १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स कंपनीने शिकागोत चुंबकीय टेपवर चित्र नोंदवणारे यंत्र दाखवले. टेप दोन इंच रुंद आणि यंत्राची किंमत सुमारे ५०,००० डॉलर. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस वाहिनीने डग्लस एडवर्ड्स यांचे बातमीपत्र पश्चिमेसाठी टेपवरून दाखवले. वेळ पुढे ढकलण्याची कला वाहिन्यांच्या हाती आली. प्रेक्षकांनी तीच कला घरी वापरायला सुरुवात केल्यावर मात्र प्रकरण कोर्टात गेले.

घरी चालेल असे सोनीचे बीटामॅक्स यंत्र अमेरिकेत नोव्हेंबर १९७५ मध्ये आले. १९ इंची टीव्हीसह एकाच पेटीत बसवलेल्या पहिल्या मॉडेलची किंमत होती २,४९५ डॉलर. सोनीची जाहिरात सरळ होती: ‘कोलंबो’ पाहताना ‘कोजॅक’ चुकवायचे कारण नाही. या दोन्ही मालिका युनिव्हर्सल स्टुडिओच्या होत्या. आपल्याच मालिकांच्या जिवावर दुसरा यंत्रे विकतो आहे हे युनिव्हर्सलला रुचले नाही. १९७६ मध्ये त्यांनी डिस्नेला सोबत घेऊन लॉस एंजलिसच्या संघीय न्यायालयात दावा गुदरला.

दावा चालू असतानाच बाजारात दुसरी लढाई पेटली. बीटामॅक्सच्या कॅसेटवर सुरुवातीला एकच तास मावे, त्यामुळे पूर्ण चित्रपट काही बसत नसे. जपानच्याच जेव्हीसीने काढलेल्या व्हीएचएस कॅसेटवर दोन तास मावत. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीला तेवढ्यानेही समाधान नव्हते; अमेरिकन फुटबॉलचा सामना अखंड उतरला पाहिजे, म्हणजे चार तास हवेत, असा तिचा हट्ट. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेपचा वेग निम्मा करून तो पुरवला आणि ऑगस्ट १९७७ मध्ये आरसीएचे यंत्र दुकानांत आले. बीटाचे चित्र सरस होते आणि तरी ते हरले, हे दुःख हौशी मंडळी आजही उगाळतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. हा सरसपणा मुख्यतः एका तासाच्या मूळ वेगावर दिसे. स्पर्धेसाठी सोनीने स्वतः टेपचा वेग कमी केल्यावर तो बराचसा ओसरला. सामान्य गिऱ्हाइकाला बारीक रेषांपेक्षा सामन्याचा शेवट महत्त्वाचा वाटला, यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. १९८८ मध्ये सोनीनेही व्हीएचएस यंत्रे बनवायला घेतली.

कोर्टातला मुद्दा असा होता की, घरात केलेली नक्कल ही चोरी असेल तर ती करणारे यंत्र विकणाराही त्यात भागीदार ठरतो. १९७९ मध्ये सोनी जिंकली, १९८१ मध्ये अपिलात हरली. चित्रपट उद्योगाचे प्रवक्ते जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ मध्ये संसदीय समितीसमोर या यंत्राची तुलना बॉस्टनमध्ये स्त्रियांचे गळे आवळणाऱ्या खुन्याशी केली. एव्हाना ते यंत्र लक्षावधी घरांत पोचले होते. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. मोफत प्रसारित झालेला कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी नोंदवणे हा रास्त वापर आहे, आणि ज्या यंत्राचा कायदेशीर उपयोग भरपूर आहे त्याच्या निर्मात्याला गैरवापराबद्दल जबाबदार धरता येत नाही, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिले. मुलांचे लाडके निवेदक फ्रेड रॉजर्स यांची साक्षही निकालात आली आहे. आपला कार्यक्रम कुटुंबांनी आपल्या सवडीने पाहावा, याला त्यांची हरकत नव्हती. टेप जमवून घरी कायमचा संग्रह करण्याबाबत मात्र न्यायालयाने स्पष्ट निर्वाळा दिला नाही.

हरलेल्या स्टुडिओंचे नशीब असे की, दशक संपण्याआधीच त्यांना तिकीटबारीपेक्षा कॅसेटमधून जास्त पैसा मिळू लागला. विकत घेतलेली कॅसेट भाड्याने द्यायला दुकानदाराला स्टुडिओची परवानगी लागत नसे, त्यामुळे भाड्याची दुकाने गल्लोगल्ली निघाली. न्यू जर्सीतले एडिसन, न्यूयॉर्कचे जॅक्सन हाइट्स, शिकागोचा डेव्हॉन अव्हेन्यू अशा ठिकाणच्या भारतीय किराणा दुकानांतही डाळ-तांदळाशेजारी हिंदी चित्रपटांच्या कॅसेट दिसू लागल्या. भारतातून थेट आलेली कॅसेट मात्र अमेरिकन यंत्रावर धड दिसत नसे. भारतात ६२५ ओळींची पाल पद्धत, अमेरिकेत ५२५ ओळींची एनटीएससी. घरच्या लग्नाची किंवा मराठी नाटकाची कॅसेट बघायची तर ती रूपांतरित करून घ्यावी लागे, नाही तर दोन्ही पद्धती चालणारे महागडे यंत्र घ्यावे लागे.

संग्रहाच्या बाबतीत कायदा संदिग्ध राहिला, पण अशा संग्रहाचे मोल फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स यांनी दाखवून दिले. ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या या बाईंनी इराणमधल्या ओलिस प्रकरणाच्या सुमारास, १९७९ मध्ये, बातम्या नोंदवायला घेतल्या, आणि डिसेंबर २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरातली अनेक यंत्रे चोवीस तास चालू ठेवली. कॅसेट संपायच्या वेळेवर घरच्यांचे जेवण आणि बाहेर जाणे ठरे. सुमारे ७०,००० कॅसेटचा हा साठा पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेला. वृत्तवाहिन्या आपले जुने प्रसारण जपून ठेवतीलच अशी खात्री नसते. एका हेकट प्रेक्षक बाईने ते काम केले.

टेपची जागा १९९९ पासून हार्ड डिस्क घेऊ लागली. टिवो आणि रीप्लेटीव्ही ही दोन यंत्रे त्याच वर्षी बाजारात आली. चालू प्रसारण थांबवता येऊ लागले, मालिकेचे नाव एकदा दिले की पुढचे भाग आपोआप उतरू लागले. टिवोच्या रिमोटवर बटणे एका ठरावीक क्रमाने दाबली की ३० सेकंद पुढे उडी मारायची सोय चालू होई. जाहिरात साधारण तेवढीच असल्याने हा क्रम हौशी लोकांत तोंडोतोंडी पसरला. टिवोने तो छापील पुस्तिकेत न देण्याचा शहाणपणा केला. रीप्लेटीव्हीने २००१ मध्ये जाहिराती आपोआप वगळण्याची सोय उघडपणे दिली. खटले अंगावर आले आणि २००३ मध्ये तिच्या मालक कंपनीने दिवाळे काढले. नव्या यंत्राची दुसरी बाजू फेब्रुवारी २००४ मध्ये कळली. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचे वस्त्र सरकले तो क्षण लोकांनी किती वेळा मागे नेऊन पाहिला, हे टिवोने स्वतःच जाहीर केले. प्रेक्षक जे पाहत होते त्याचीही नोंद होत होती.

उपकरणांबद्दलचे मत किती स्वतंत्र असते, याची कसोटी जानेवारी २०१३ मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात लागली. डिश कंपनीच्या हॉपर यंत्रातही जाहिराती वगळायची सोय होती. प्रदर्शनातले सर्वोत्तम उपकरण निवडण्याचे काम सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या समीक्षकांकडे होते, आणि त्यांनी हॉपर निवडले. तेव्हा सीनेटची मालक होती सीबीएस, आणि सीबीएसचा डिशशी खटला चालू. मालकांनी निवड रद्द करायला लावली. एका वार्ताहराने राजीनामा दिला, प्रदर्शनाच्या आयोजकांनी सीनेटशी असलेला करार संपवला आणि हॉपरला संयुक्त विजेता जाहीर केले. उपकरणाचे परीक्षण वाचताना परीक्षकाच्या पगाराचा धनी कोण, हे पाहण्याची सवय त्या प्रसंगाने अनेकांना लागली.

आता घरातली पेटीच नाहीशी होत आहे. नील्सनच्या मोजणीनुसार मे २०२५ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर गेलेला वेळ प्रथमच केबल आणि प्रसारण यांच्या बेरजेहून अधिक भरला. त्याच वर्षी टिवोने आपली यंत्रे विकणे थांबवले. स्ट्रीमिंगवर कार्यक्रम केव्हाही पाहता येतो, म्हणून रेकॉर्डिंगची उणीव पटकन जाणवत नाही. ती जाणवते ती कार्यक्रम गायब झाल्यावर. ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने खर्च वाचवण्यासाठी कित्येक मालिका काढून टाकल्या. त्यांतल्या काहींची डिस्कही कधी निघाली नव्हती. जानेवारी २०२४ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या टाळायच्या तर जादा पैसे मोजावे लागतात. १९८४ चा निकाल कायम आहे, पण तो प्रक्षेपण पकडणाऱ्या आणि प्रत घरात ठेवणाऱ्या माणसाबद्दल होता.

तसा माणूस अजून छपरावर अँटेना लावून बसलेला आहे. जून २००९ पासून डिजिटल झालेले मोफत प्रसारण साध्या अँटेनावर उत्तम दिसते आणि दोन-तीनशे डॉलरच्या पेटीत नोंदवताही येते. नव्या पिढीच्या प्रसारण पद्धतीत मात्र अनेक केंद्रांनी आपले संकेत कुलूपबंद केले आहेत. मान्यताप्राप्त किल्ली असलेल्या उपकरणालाच ते उघडतात, त्यामुळे हौशी लोकांच्या आवडीच्या कित्येक पेट्या निकामी ठरतात. संघीय दळणवळण आयोगाकडे याविरुद्ध हजारो तक्रारी गेल्या. जुने, कुलूप नसलेले प्रसारण अजून सोबत चालू आहे. ते बंद करण्याची तारीख ठरवून द्यावी, अशी मागणी प्रसारकांच्या संघटनेने फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाकडे केली.